प्रवाळावर पाय पडू नये म्हणून

सेंट लुशिया हे कॅरिबियन समुद्रातले बेट, मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी होतात साधारण तेवढेच. तिथे नोला बार्कर आणि कॅलम रॉबर्ट्स या संशोधकांनी ३५३ स्कूबा डायव्हरांच्या हालचाली पाण्याखाली टिपल्या. कोण, केव्हा आणि कशाने प्रवाळाला लागतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातले चौऱ्याहत्तर डायव्हर एकदा तरी खडकाला लागले होते, आणि बहुतेक धक्के पायांतल्या फिन्सचे होते.

हे सगळे लोक प्रवाळ पाहायला हौसेने, पैसे मोजून आलेले. मोडतोड करायला म्हणून कोणी पाण्यात उतरत नाही. पण फिन म्हणजे पावलाच्या पुढे दीड-दोन वीत गेलेली रबराची पात. तिच्या टोकाला काय लागले ते पायाला समजत नाही आणि सारे पाठीमागे घडत असल्याने डोळ्यांनाही दिसत नाही. डायव्हर समाधानाने वर येतो, खाली एक फांदी मोडून पडलेली असते.

गेल्या तीस वर्षांत तांबड्या समुद्रापासून थायलंडपर्यंत या प्रश्नाचा बराच अभ्यास झाला आहे, आणि आपल्या मालवणचेही नाव आता त्यात आले आहे. हे सगळे एकत्र वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रवाळाबद्दल आस्था वाटणे वेगळे आणि प्रवाळाजवळ नीट पोहता येणे वेगळे. आस्था चांगल्या बोलण्यातून निर्माण होऊ शकते. पोहणे मात्र शिकवावे लागते, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि पर्यटनाच्या धंद्यात टंचाई असते ती नेमकी वेळाची.

प्रवाळ खडक दिसायला दगडासारखा असला तरी त्याच्यावर काही मिलिमीटर जाडीची जिवंत कातडी असते. हजारो सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत, आणि त्यांच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालावर त्यांचे पोट चालते. खालचा चुनखडीचा सांगाडा त्यांनीच बांधलेला असतो. पोराइट्ससारखा गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. तो परातीएवढा होईपर्यंत वीस-पंचवीस वर्षे जातात. फांद्यांचे प्रवाळ भराभर वाढतात, पण मोडतातही तितक्याच सहज. भरीव प्रवाळ एका लाथेने मोडत नाही, त्याची कातडी खरवडली जाते, आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर शेवाळ आणि रोगजंतू ठाण मांडतात. तळाची वाळू ढवळली गेली तर ती प्रवाळावर बसते. ती झटकण्यासाठी त्या जिवाला चिकट स्राव तयार करत राहावे लागते आणि त्यात त्याची शक्ती खर्ची पडते.

याचा एकत्रित परिणाम किती होतो, हे थायलंडच्या को ताओ बेटावर मोजले गेले. स्कूबा शिकायला येणाऱ्यांची तिथे वर्षभर रीघ असते. जोलिया लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी वर्दळीच्या जागांवर ७९ टक्के प्रवाळ निरोगी आढळले, तर जास्त वर्दळीच्या जागांवर फक्त ४५ टक्के. गर्दीच्या जागी रोगाचे प्रमाणही तिप्पट होते. म्हणजे मोडलेल्या फांद्या मोजून हिशेब संपत नाही. जखम आणि गाळ या वाटेने रोग आत शिरतो, आणि तो डायव्हर घरी परतल्यावरही पसरत राहतो.

आता मूळ कौशल्याकडे वळू. स्कूबा शिकवणारे ज्याला बॉयन्सी म्हणतात, ती म्हणजे पाण्यात बुडायचे नाही, वर यायचे नाही, आहे त्या खोलीवर तसेच राहायचे. ऐकायला सोपे वाटते. पण डायव्हरच्या अंगावर तीन गोष्टी सतत बदलत असतात. तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा खोलीनुसार आकसते आणि फुगते. अंगातल्या रबरी सूटमधले बुडबुडे दाबाखाली चेपतात. सिलिंडरमधली हवा संपत जाते तसा तो हलका होतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन-अडीच किलो हवा असते, आणि बुडीच्या शेवटी तेवढे वजन अंगावरून उतरलेले असते. चौथी गोष्ट म्हणजे फुप्फुस. अर्धा लिटर जास्त श्वास घेतला की सुमारे अर्धा किलोची उचल मिळते, पण ती लगेच जाणवत नाही, एक-दोन क्षणांनी जाणवते. नवखा माणूस तेवढ्यात घाबरून दुसरे काहीतरी करून बसतो.

यात आणखी एक मेख आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पृष्ठभागावरची हवा दहा मीटर खाली नेली की तिचे आकारमान निम्मे होते. तीस मीटरवरून चाळीसवर जाताना ते फक्त एक पंचमांशाने घटते. म्हणजे सगळ्यात जास्त चढउतार वरच्या दहा मीटरांत. सूर्यप्रकाश भरपूर मिळतो म्हणून प्रवाळही तिथेच दाट असतात, आणि सुरक्षित म्हणून पहिल्यांदा डुबकी मारणाऱ्यांना नेले जाते तेही तिथेच. स्थिर राहणे जिथे सगळ्यात अवघड, तिथेच सगळ्यात नाजूक प्रवाळ आणि सगळ्यात अननुभवी माणूस समोरासमोर येतात.

घाईच्या ठिकाणी यावर ठरलेला तोडगा म्हणजे कमरेला जास्त शिसे बांधणे. माणूस पटकन खाली जातो, वर उसळत नाही, गाइडची कटकट वाचते. पण जास्तीच्या शिशाचा तोल सांभाळायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. हवा छातीपाशी आणि शिसे कमरेपाशी, त्यामुळे डोके वर आणि पाय खाली अशी तिरकी अवस्था होते. त्या अवस्थेत मारलेला प्रत्येक पाय खालच्या वाळूवर किंवा प्रवाळावर बसतो. आणि हवा जितकी जास्त, तितका खोलीबरोबर होणारा तिचा चढउतारही मोठा.

शिसे किती लागते ते पाहायची पद्धत पाच मिनिटांची आहे. पूर्ण सामान चढवून पाण्यात उभे राहायचे, जॅकेट रिकामे करायचे, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा आणि हातपाय हलवायचे नाहीत. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवे. श्वास सोडला की माणूस सावकाश खाली जायला हवा. तो भर्रकन बुडाला तर शिसे जास्त आहे. सिलिंडर भरलेला असेल तर संपणाऱ्या हवेसाठी दोनेक किलो वाढवायचे, कारण शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबताना सिलिंडर जवळपास रिकामा असतो आणि तेव्हाही माणूस जागेवर राहायला हवा. गोड्या पाण्याच्या तलावात बसवलेले वजन समुद्रात चालत नाही. खारे पाणी अडीच टक्क्यांनी जड असते, त्यामुळे सामानासह नव्वद किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात दोन-सव्वादोन किलो जास्त लागतात. एवढे करून शिसे शरीरावर अशा जागी वाटायचे की माणूस पाण्यात आडवा, जमिनीला समांतर राहील. गुडघे वाकवून फिन्स वर ठेवायच्या आणि बेडूक पोहतो तसा पाय मागे फाकवून मारायचा. हा पाय रुळला तो गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांमुळे. तिथे तळाचा गाळ उसळला की परतीची वाट दिसेनाशी होते आणि जिवावर बेतते, म्हणून पाण्याचा झोत खाली जाऊ न देणारा पाय त्यांना हवा होता. प्रवाळाजवळ हीच सवय प्रवाळाचा जीव वाचवते.

शिकवण्याच्या जुन्या पद्धतीत या सगळ्याला शेवटचे पान मिळायचे. विद्यार्थ्यांना तलावाच्या तळावर गुडघे टेकवून बसवायचे आणि मुखवट्यातले पाणी काढणे, तोंडातली नळी सुटली तर परत पकडणे ही कामे ओळीने करून घ्यायची. शिक्षकाला ते सोयीचे होते, कारण आठ जण एका जागी बसलेले दिसतात. पण गुडघे टेकून शिकलेल्याला समुद्रातही काही अडचण आली की पहिल्यांदा गुडघे टेकायला जागा हवी असते, आणि समुद्रात खाली फरशी नसते. पाडी या जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रशिक्षण संस्थेने २०१३ च्या सुमारास प्राथमिक अभ्यासक्रम बदलून तरंगत राहण्याच्या सरावाला जास्त जागा दिली. अनेक शिक्षक आता पहिल्या दिवसापासून सगळी कामे अधांतरी करून घेतात. सुरुवातीला एखादा दिवस जास्त लागतो, पण पुढच्या सगळ्या बुड्या सुधारतात. हा बदल उशिरा झाला, आणि अजून सगळीकडे पोहोचलेलाही नाही.

मालवणात तर प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. तिथे पाण्यात उतरणारा बहुतेक पर्यटक कोणताही अभ्यासक्रम करत नाही. पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूरहून दोन दिवसांच्या सहलीवर आलेला, अनेकदा पोहता न येणारा माणूस सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून जातो. त्याच्या पाठीला सिलिंडर बांधतात, तोंडात नळी देतात, नाकाऐवजी तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात, अंगठा आणि बोटांच्या दोन-तीन खुणा सांगतात. शिडीवरून तो खाली उतरतो. एक गाइड त्याला सिलिंडरच्या वरच्या टोकाला धरून चालवतो, दुसरा समोरून व्हिडिओ काढतो. खोली पाच-सात मीटर, वेळ दहा-पंधरा मिनिटे. या माणसाने बॉयन्सी सांभाळावी ही अपेक्षाच चुकीची ठरेल, कारण त्याची बॉयन्सी गाइडच्या मनगटात असते. तो पाण्यात उभा असतो. पाय लोंबकळत असतात, आणि घाबरला की ते तळ शोधतात. तळाला पोराइट्स आणि टर्बिनेरिया हे प्रवाळ असतात. मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटाचा चुरा टाकला जातो. व्हिडिओसाठी कोणाला खडकाला धरून स्थिर केले जाते.

हा सगळा परिसर संरक्षित आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून पद्मगड बेटाभोवतीचा भाग गाभा क्षेत्रात मोडतो. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला असते तेच, संरक्षण आहे. तरीही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कल्याण डे, मंदार नानजकर, संभाजी मोटे आणि बबन इंगोले यांना २०२० मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या नियतकालिकात मालवणच्या हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या हानीवर शोधनिबंध लिहावा लागला. उत्तरदायित्वाचा अभाव हा शब्द त्यांनी थेट शीर्षकातच घातला. निदान नेमके आहे. कायदा आहे, अभयारण्य आहे, पण पाण्याखाली कोणाचा पाय कुठे पडला याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

याचे खापर गाइडांवर फोडणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. यातले बरेच तरुण मच्छीमार कुटुंबांतले आहेत. मासळी कमी होत गेली तसा स्कूबाचा आधार त्यांना मिळाला. गढूळ पाण्यात, ओहोटीच्या ओढीत, घाबरलेल्या परक्या माणसाला धरून सुखरूप वर आणणे हे सोपे काम नाही, आणि ते ही मुले दिवसातून अनेकदा करतात. पण कमाई फेऱ्यांवर असते. शिशाची चाचणी प्रत्येकी पाच मिनिटे घेते. दहा जणांच्या होडीत ती केली तर एक फेरी बुडते. एकट्या गाइडने नीट वागायचे ठरवले तरी त्याचे नुकसान होते आणि शेजारच्या होडीचा फायदा. म्हणून हा नियम सगळ्या किनाऱ्याला एकदम लागू व्हायला हवा. कोणा एकाच्या चांगुलपणावर तो टिकणार नाही.

गाइड किती महत्त्वाचा, हे सेंट लुशियाच्या त्याच अभ्यासात दिसते. बुडीआधी सांगायच्या सूचनांत प्रवाळाला हात लावू नका अशा अर्थाचे एक वाक्य घातले गेले. काहीही फरक पडला नाही. मग पाण्याखालच्या गाइडने, कोणी लागताना दिसला की तिथल्या तिथे खूण करून त्याला थांबवायला सुरुवात केली. धक्क्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. याच्या उलट बाजूला इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानातला १९९७ चा डेव्हिड मेडिओ, रूपर्ट ऑर्मंड आणि पिअरसन यांचा अभ्यास आहे. त्यांनी पाऊण तास चित्रे दाखवून प्रवाळाचे जीवन समजावले आणि मग पाण्यात नेऊन, हे जिवंत आहे, हे मेलेले आहे, असे प्रत्यक्ष दाखवले. दर सात मिनिटांना सरासरी १.४ धक्के लागत होते, ते ०.४ वर आले. दोन्ही निष्कर्षांत विरोध वाटतो, पण तो तसा नाही. होडीच्या इंजिनाच्या आवाजात उरकलेले एक वाक्य आणि पाऊण तासाचा धडा या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत. मालवणात पाऊण तास कोणी देणार नाही हे उघड आहे. पाण्याखालची नजर मात्र देता येते, कारण गाइड तिथे असतोच.

ही नजर कुठे रोखायची तेही आता ठाऊक आहे. फ्लोरिडातल्या की लार्गोच्या खडकांवर केलेल्या निरीक्षणात बरेचसे धक्के बुडीच्या पहिल्या दहा मिनिटांत लागताना दिसले. माणूस तेव्हा सामान सावरत असतो, श्वास जोरात चालू असतो, जॅकेटची हवा कमीजास्त होत असते. ही पहिली मिनिटे प्रवाळापासून दूर, वाळूवर काढली तर बरेचसे नुकसान आपोआप टळते. त्यासाठी नवे सामान लागत नाही, होडी कुठे उभी करायची एवढेच बदलावे लागते.

कॅमेऱ्याचा विषय वेगळा काढावा लागेल. सेंट लुशियात कॅमेरा हातात असलेले डायव्हर इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खडकाला लागले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर टोनी रूफाएल आणि ग्रॅम इंग्लिस यांनाही छायाचित्रकारांबाबत असेच आढळले. त्यांच्या कामातून दुसरीही गोष्ट पुढे आली: बहुतेक डायव्हर फारसे काही मोडत नाहीत, बरेचसे नुकसान थोड्या जणांकडून होते. छायाचित्र घेताना माणसाचे लक्ष चौकटीत अडकते, हात मोकळे राहत नाहीत, आणि नेम धरायला तो एका बोटाने किंवा गुडघ्याने टेकतो. थायलंडने २०२५ मध्ये यावर थेट नियम केला. प्रगत दर्जाचे प्रमाणपत्र किंवा किमान चाळीस बुड्यांची नोंद असल्याशिवाय पाण्याखाली कॅमेरा नेता येणार नाही. हा नियम कडक वाटतो, पण योग्य आहे. आधी तरंगायला शिका, मग कॅमेरा हातात घ्या, हाच क्रम असायला हवा. मालवणात कॅमेरा गाइडच्याच हातात असतो, त्यामुळे तिथे नियमाचा रोख गाइडच्या प्रशिक्षणावर हवा.

एका जागी वर्षाला किती बुड्या सोसतात, असा आकडा काढण्याचेही प्रयत्न झाले. ज्युली हॉकिन्स आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी नव्वदच्या दशकात पाच ते सहा हजारांची मर्यादा सुचवली, आणि ती पुढे बऱ्याच ठिकाणी उद्धृत होत राहिली. मलेशियाच्या सिपादान बेटावर दिवसाला किती जणांना परवाना द्यायचा, याचीच मर्यादा घातली गेली. आकडा प्रशासनाला सोयीचा असतो, पण आडवे पोहणारे पाच हजार आणि उभे लोंबकळणारे पाच हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाचे उदाहरण जास्त उपयोगी वाटते. तिथले सागरी उद्यान १९७९ मध्ये सुरू झाले. येणाऱ्या प्रत्येक डायव्हरला, त्याच्याकडे कितीही प्रमाणपत्रे असली तरी, आधी माहितीचे सत्र आणि एक सरावाची बुडी करावी लागते. हातमोज्यांना बंदी आहे, कारण उघडा हात कशालाही धरायला कचरतो. प्रत्येकाकडून शुल्क घेतले जाते आणि ते उद्यानावर खर्च होते.

होड्यांचा नांगर हा वेगळा प्रश्न, पण याच्याशी जोडलेला. एक नांगर जेवढे मोडतो तेवढे अनेक डायव्हर मिळून मोडत नाहीत. फ्लोरिडात जॉन हालास यांनी १९८१ मध्ये खडकात कायमचा बसवलेला खिळा आणि वर तरंगता बोया अशी सोय केली. होडीने बोयाला दोर बांधायचा, नांगर टाकायचाच नाही. ही युक्ती पुढे जगभर पसरली. कोकण किनाऱ्यावर ती प्रत्येक डायव्हिंगच्या जागी असायला हवी.

इथे एक रास्त शंका येते. २०२३ पासून जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट आली. एप्रिल २०२४ मध्ये तिची अधिकृत घोषणा झाली, आणि जगातल्या चार पंचमांशांहून जास्त प्रवाळ क्षेत्राला तिची झळ लागली. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण लाटांनंतर जिवंत प्रवाळांचे आच्छादन चोवीस वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. मालवणचे प्रवाळही पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत. समुद्रच तापत असताना फिनच्या धक्क्यांचा हिशेब कशाला? उत्तर प्रवाळाच्या शरीरातच आहे. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी निवले तर पेशींतून निघून गेलेले शैवाल काही आठवड्यांत परत येते आणि तो सावरतो. या उपासमारीच्या काळात त्याला जखम झाली, अंगावर गाळ बसला, तर सावरण्याची शक्ती उरत नाही. समुद्राचे तापमान कमी करणे मालवणच्या गाइडच्या हातात नाही. एप्रिल-मेच्या उन्हाच्या तडाख्यात, नेमक्या गर्दीच्या हंगामात, पांढऱ्या पडलेल्या खडकावर होडी न नेणे त्याच्या हातात आहे. थायलंडने अशा वेळी डायव्हिंगच्या जागा बंद ठेवल्या आहेत.

कौशल्य हातात आले की डायव्हर नुकसान टाळण्याच्या पलीकडेही जातो. १९९७ पासून चाललेल्या ‘रीफ चेक’ मोहिमेत हौशी डायव्हर शंभर मीटरचा फीता तळावर अंथरून त्याच्या कडेने मासे, प्रवाळ आणि मोडतोड मोजतात. फीत्यावरून तरंगत, कशालाही न टेकता पाटीवर लिहिता आले तरच ती नोंद कामाची. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’मध्ये रंगांचा तक्ता प्रवाळाजवळ धरून तो किती फिकट झाला ते टिपतात. ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांना एकेक करून इंजेक्शन देणारे डायव्हर आहेत. विषारी काट्यांच्या जिवाला फांद्यांच्या दाटीत सुई टोचायची आणि त्या फांद्यांना लागायचे नाही, हे ज्याला जमते त्याची बॉयन्सी पक्की. मुंबईत स्थापन झालेली ‘रीफवॉच’ ही संस्था अंदमानात तुटलेले जिवंत तुकडे चौकटींवर लावून वाढवते. अशा कामात नवख्या हौशी माणसाने घुसणे म्हणजे चांगल्या हेतूने आणखी मोडतोड करणे. खडकात अडकलेली जुनी जाळी ओढून काढतानाही हेच होते. जाळे ओढायचे नसते, ते धीराने कापत कापत सोडवायचे असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याकडे या कामासाठी लागणारे बरेच काही आधीच आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर ज्या शास्त्रीय मोहिमा गेल्या, त्यांतही कुलकर्णी होते. आंग्रियाचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि भोवती उघडा समुद्र. तिथे उद्या पर्यटन न्यायचे ठरले तर हौशी पर्यटकाला धरून उतरवण्याची मालवणची पद्धत पहिल्याच फेरीत अंगाशी येईल. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीजवळच्या समुद्रात बुडवून कृत्रिम खडक आणि पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजनाही महामंडळाने हाती घेतली. जहाजाच्या पोलादाला कोणाचा गुडघा लागला तर काही बिघडत नाही, त्यामुळे सरावाच्या आणि हौसेच्या बुड्या तिकडे वळल्या तर नैसर्गिक खडकांवरचा भार खरोखर हलका होईल. पण खोलवरच्या जहाजावर न शिकलेला माणूस उतरवता येत नाही. म्हणजे तिथेही आधी प्रशिक्षणच लागणार.

काय करायचे ते फार गूढ नाही. पहिल्यांदा डुबकी मारणाऱ्यांसाठी वाळूचा तळ असलेल्या जागा ठरवून द्याव्यात आणि प्रवाळांच्या जागा प्रमाणपत्रधारकांसाठी राखाव्यात. एका पर्यटकामागे एक गाइड, आणि पर्यटक आडवा तरंगेल असे धरायचे. बिस्किटे बंद. बोयाखेरीज होडी थांबवायची नाही. पर्यटकाला यासाठी दोन-तीनशे रुपये जास्त पडले तर तो ते देईल, फक्त कशासाठी देतोय ते त्याला होडीत बसण्याआधी सांगायला हवे. तो एका वाघाएवढे संरक्षण असलेल्या जिवापाशी चालला आहे हे त्याला माहीत नसते.

पावसाळ्यात जूनपासून समुद्र बंद असतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि गाइड मोकळे असतात. हे तीन महिने तारकर्लीच्या तलावात त्यांच्याकडून शिशाची चाचणी, बेडूकपाय आणि पर्यटकाला आडवे धरून नेण्याचा सराव करून घेता येईल. त्या दिवसांचा रोज त्यांना मिळाला पाहिजे, कारण पोट सांभाळून कोणी फुकट शिकायला येणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की सेंट लुशियासारखीच मोजणी इथेही करावी: एक निरीक्षक, एक पाटी, एक घड्याळ, आणि दर मिनिटाला किती धक्के. पहिल्या वर्षीचा आकडा लाजिरवाणा निघाला तरी चालेल. पुढच्या वर्षी तो कमी झाला का, हे तरी समजेल.